तरुचा पांचियो

॥ मा आशापुरा प्रसन्न ॥

मी, साकरबेन, मेघजी कानजी सोनी यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार भुज, भूकंपानंतर वसवलेल्या सरकारी वसाहतीतलं कोपऱ्यावरचं घर, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. उजवा कान गेला आहे, पण मृत्युपत्राला कान लागत नाही असं वकील उषाबेन म्हणाल्या. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी फूस लावलेली नाही. फूस लावायला जे जे आले त्यांची नावं पुढे आपापल्या कलमात येतील. मी बोलत गेले आणि उषाबेन लिहीत गेल्या. मधेमधे त्या मला बा, म्हणजे आई, अशी हाक मारून म्हणत, "बा, हे कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, "सरकवून बसवा. आमच्या बसमध्ये बसवतात तसं."

जन्मभर मी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही. पण मृत्युपत्रात 'ते' म्हणजे कोण हे कोर्टाला कळायला हवं म्हणे. म्हणून आता घेते. मेघजी. घेतलं.

कलम १. वारस

मला दोन मुलं. मुलगा धीरज, हल्ली मस्कत येथे नोकरीस. मुलगी तरुलता, लग्न करून अंजारला हरेश सोनी यांच्या घरी दिलेली.

इथे उषाबेनची लेखणी थांबली. त्या म्हणाल्या, "बा, तरुबेनच्या नावाआधी 'कै.' लिहावं लागेल."

मी म्हटलं, "तुम्ही पाहिलंत तिला जाताना?"

"सरकारी दाखला आहे, बा."

"दाखला तिच्या सासरच्यांनी काढला. त्यावर माझी सही नाही. माझ्या कागदावर माझ्या मुलीला मी सांगेपर्यंत कै. करायचं नाही."

उषाबेन चांगल्या घरच्या आहेत. त्यांनी नुसतं तरुलता लिहिलं आणि चष्मा पुसला.

कलम २. घर

हे घर धीरजला. दोन खोल्या, ओटा, मागे मोरी. लिंबाचं झाड मी लावलेलं आहे, ते तोडून गाडी लावायला जागा करू नये. सूनबाई भावना इथे आली की म्हणते, "बा, या घरात हवा कशी नाही?" हवा आहे. पण वाळवंटाची आहे, एसीची नाही. घर विकलंत तरी माझी हरकत नाही, कारण हे घर मला कधी आपलं वाटलं नाही. आपलं घर सोनीबाजारात, म्हणजे सोनारांच्या आळीत, होतं आणि ते एका सकाळी खाली बसलं.

हिंचका, म्हणजे झोपाळा, मात्र विकू नये. तो त्या घरातून अखंड निघालेली एकच वस्तू आहे. कड्या पितळेच्या आहेत, चिंचेने घासल्या की उजळतात. भावनाला घासायला वेळ नसेल तर शेजारी रुकैयाबेनला द्यावा. ती दुपारी माझ्यासोबत त्यावर बसते आणि पाय वर घेऊन बसते, कारण तिला जमिनीचा अजून भरवसा नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक

जी काही असेल ती धीरजच्या मुलांना सारखी. त्यातून आधी एक रक्कम गल्लीतल्या कुत्र्यांच्या रोटल्यांसाठी काढावी. रोज सकाळी बाजरीचा जाड रोटला त्यांना घालते, ते बंद पडू नये. काळा कुत्रा दात पडलेला आहे, त्याला छासेत, म्हणजे ताकात, कुस्करून द्यावा.

कलम ४. भांडी व किरकोळ दागिने

तांब्याचा हंडा मोंघीफईच्या मुलीला. मोंघीफई म्हणजे मेघजींची थोरली बहीण, माझी नणंद, आता हयात नाही. ती हयात असताना हा हंडा तिने तीनदा मागितला आणि मी तीनदा टाळला. माझ्या आईच्या घरून आलेला हंडा ती 'आमच्या घरातला' म्हणायची. आता मुलीने न्यावा. तिच्या आईला वर कळेल की उशिरा का होईना मी दिला.

माझ्या हातातल्या बांगड्या दोन आहेत. त्या रुकैयाबेनने माझ्या हातून काढून भावनाला द्याव्यात, दुसऱ्या कुणी ओढाओढ करू नये.

मोंघीफईचं नाव निघालंच आहे तर पुढचं कलम तिच्यापासूनच सुरू करते.

कलम ५. पांचियो

माझ्या उशीच्या अभ्र्यात लाल बांधणीच्या तुकड्यात एक चांदीचं नाणं आहे. आमच्या कच्छ राज्याचं स्वतःचं नाणं होतं, कोरी. पाच कोऱ्यांचं मोठं नाणं तो पांचियो. हा अगदी शेवटचा, 'जय हिंद' लिहिलेला. तो पाडला आणि थोड्याच दिवसांत राज्य गेलं, टांकसाळ बंद झाली, कोरी बाजारात चालेनाशी झाली. मग खेड्यापाड्यांतून रबारी, आहीर, पटेल कोऱ्यांच्या थैल्या घेऊन सोनीबाजारात येऊ लागले. कुणाला मुलीच्या पायातली कडली करून हवी, कुणाला मुलाचा करदोटा. मेघजींच्या वडिलांनी आयुष्यभर कोऱ्या वितळवल्या आणि नंतर मेघजींनी. आज कच्छच्या म्हाताऱ्यांच्या पायांत जी चांदी आहे तिच्यात राजे-महाराजे विरघळलेले आहेत.

मुशीत टाकण्याआधी मेघजी ढीग चादरीवर ओतत आणि आम्ही दोघं तांदूळ निवडावेत तसे बसत असू. खोटी चांदी बाजूला, तांब्याचं बाजूला. एकदा एका रबाऱ्याच्या थैलीतून हा पांचियो निघाला. काल पाडल्यासारखा लख्ख. मेघजींनी तो बाजूला ठेवला आणि त्याच्या वजनाची चांदी ढिगात घातली.

"हा का काढला?" मी विचारलं.

"मी शाळेत होतो तेव्हा हे निघाले. मास्तरांनी वर्गात फिरवला होता. हातात धरायला मिळाला नव्हता."

इतकंच कारण. किंमत वगैरे कुणाच्या मनात नव्हती.

तरु झाली. छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, मोंघीफई नाव ठेवायला आली आणि पाळण्यात वाकून म्हणाली, "भावा, सोनाराच्या घरात भाची उघड्या गळ्याने निजते? शोभतं का? काहीतरी घाल तिला, नाहीतर नाव सांगणार नाही." मग तिने पोरीचा डावा पाय उचलून सगळ्यांना दाखवला. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. "बघा बघा, जन्मतःच शेजारणीच्या डोक्यावर! ही कुणाचं ऐकायची नाही." सगळे हसले. मेघजी उठले, पांचियोला वर कडी झाळून जोडली, काळ्या दोऱ्यात ओवला आणि तिच्या गळ्यात घातला. मग फईने नाव सांगितलं.

तो पांचियो तरुच्या गळ्यात राहिला. शाळेत राहिला, गरब्यात राहिला, लग्नात सोन्याच्या हाराखाली राहिला. मोंघीफईचं म्हणणं खरं ठरलं, ती कुणाचं ऐकायची नाही. डाव्या पायात चप्पल नेहमी करंगळीशी फाटायची आणि ती म्हणायची, "बा, चप्पलवाल्याची चूक आहे, माझी नाही."

आता किरीट.

किरीट ठक्कर, जुन्या नाण्यांचा व्यापारी आणि वेडा. तेव्हा मिसरूड फुटून थोडीच वर्षं झालेली. सोनीबाजारात दुकानादुकानात फिरायचा, म्हणायचा, "काका, वितळवायच्या आधी मला फक्त बघू द्या." मेघजींना तो आवडायचा. भिंगातून बघताना श्वास धरून ठेवायचा, नाण्याला उच्छ्वास लागू नये म्हणून. एका धनतेरसला आमच्या पूजेची नाणी मी दुधाने धुऊन चिंच-राखेने घासत होते. तो दारातून ओरडला, "काकी, थांबा! कातडी सोलताय तुम्ही त्यांची!" मी म्हटलं, "लक्ष्मीला काय मळकी दाखवायची?" त्याने कपाळावर हात मारला.

त्यानेच मला समजावलं की जुनं असलं म्हणून नाणं मोलाचं होत नाही. हजारो वर्षांची नाणी मुठीने मिळतात आणि कुणी विचारत नाही. किती पाडली होती, त्यातली किती उरली, आणि उरलेल्याला किती हात लागले, यावर सगळं. घासलेलं नको, भोक पाडलेलं नको, कडी झाळलेलं तर मुळीच नको. "हा जय हिंद पांचियो मुळात थोडा निघाला काकी, आणि त्यातलेही तुमच्या सोनीबाजाराने खाऊन टाकले. सगळे वितळले म्हणून हा एवढा मोलाचा."

मी म्हटलं, "भाऊबंद जळाले म्हणून हा मोलाचा? चांगला हिशोब आहे तुमचा."

तेव्हा मी थट्टेने बोलले होते.

उतराणला, म्हणजे संक्रांतीला, तरु माहेरी आली. गच्चीवर पतंग उडवला, तिळाची चिक्की खाल्ली, जाताना गळ्यातला दोरा काढून बापाच्या हातात दिला. "बापुजी, कडी झिजून केसासारखी झाली आहे. एखाद्या दिवशी पडेल कुठेतरी. नवी लावून ठेवा, येत्या रविवारी हरेशला पाठवते."

मेघजींनी दुसऱ्याच दिवशी जुनी कडी काढली आणि कानशीने जागा साफ केली. नवी लावणार तेवढ्यात किरीट आला. बिनकडीचा पांचियो बाकावर बघून त्याचा चेहरा उजळला.

"काका, आता पुन्हा लावू नका! पाया पडतो. डाग आहे, पण तोही मी एखाद्या चांगल्या माणसाकडून काढवून घेईन. हा माणसांत परत येईल. तरुबेनला मी याच्या बदल्यात सोन्याचं करून देतो."

मेघजी म्हणाले, "माझा नाही तो. तिचा आहे. तिला विचारतो."

"विचारा. तोवर तसाच राहू द्या."

रविवारी हरेशला दुकानातून निघता आलं नाही. पांचियो तसाच राहिला. शुक्रवारी सकाळी, प्रजासत्ताक दिनाची झेंडावंदनं चालू असताना, जमीन हलली.

आमच्याबद्दल लिहीत नाही. आम्ही ओट्यावर होतो, वाचलो. हरेश गांधीधामला होता, वाचला. अंजारची त्यांची गल्ली दोन्हीकडून आत पडली. मेघजी कसेबसे पोहोचले तोवर ज्यांची ओळख पटली नव्हती त्यांना एकत्र अग्नी देण्याची तयारी चालली होती. तोंडं ओळखण्यासारखी उरली नव्हती. लष्कराचा एक जवान कागद घेऊन उभा होता. बिचारा विचारत होता, "काका, अंगावर काही खूण? गळ्यात काही?"

मेघजींच्या खिशात पांचियो होता. पडलेल्या दुकानातून त्यांनी तेवढा एक उचलला होता, तिला द्यायला. त्यांनी तो जवानापुढे धरला आणि म्हणाले, "खूण माझ्याजवळ आहे."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा कधी सांगितलं नाही.

म्हणून मी म्हणत आले, माझी मुलगी सापडलेली नाही. कुणी म्हटलं ढिगाऱ्यातून काहींना राजकोटला नेलं, काहींना पुण्याला. डोक्याला मार लागून नाव विसरलेल्या बाया आहेत म्हणे. रस्त्यावर बायका जाताना मी त्यांच्या पायांकडे बघते. सवयच लागली आहे. अजून लागलेली आहे.

कलम ६. किरीट ठक्कर याच्याशी असलेला हिशोब

भूकंपानंतर किरीट येऊन मेघजींच्या पायांवर पडला. मेघजी म्हणाले, "ऊठ. तू थांब म्हणालास एवढंच. कानस माझ्या हातात होती." ते त्याला माफ करून मोकळे झाले. मी झाले नाही. पण दारातून हाकलणं माझ्या स्वभावात नाही. तो दर दिवाळीला येतो, मी चहा करते. बशी मात्र देत नाही. आमच्याकडे चहा बशीत ओतून पितात. बशी न देणं म्हणजे लवकर ऊठ. त्याला ते कळतं. तो कढत चहा कपाने पितो, जीभ भाजून घेतो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा येतो.

पांचियोचा विषय त्याने स्वतः कधी काढला नाही. काढला धीरजने. मस्कतहून फोनवर. "बा, किरीटभाईंना विचारलं मी. कडीचा डाग असूनसुद्धा त्याचे इतके येतील की तू भुजला बंगला घेशील. आणि विकायचा नसेल तर एखाद्या संग्रहालयाला दे, बापुजींचं नाव लागेल."

मी म्हटलं, "तुझ्या बहिणीची वस्तू आहे."

"बा..." तो म्हणाला आणि फोन भावनाच्या हातात दिला. माझा मुलगा वाईट नाही. बहीण गेली तेव्हा तो परक्या देशात होता, त्याला रडायला कुणी आपलं नव्हतं. म्हणून तो पैशाचं बोलतो.

कलम ७. जागृती

जागृती म्हणजे हरेशची दुसरी बायको. भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं. मला राग नव्हता. पुरुष एकटा रोटला थापू शकत नाही.

आमच्यात रीत आहे. दुसरी बायको आली की तिने गळ्यात पहिलीची पावलं घालायची, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली, शोकपगलां म्हणतात, म्हणजे सवतीची पावलं. पहिलीला घरात जागा राहते, ती रुसत नाही. आणि पहिलीचं माहेर ते दुसरीचं माहेर होतं. ही पावलं सोनारानेच घडवायची. आता आमच्या जातीत पहिलीचा बापच सोनार, म्हणजे काय मागणं आलं असेल ते समजून घ्या. हरेशची आई स्वतः आली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मेघजीभाई, पावलं तुमच्याच हातची असू द्या."

मेघजी काही बोलायच्या आत मी बोलले. "कुणाची पावलं? माझी मुलगी स्वतःच्या पायांनी कुठेतरी चालते आहे. मेलेल्यांची पावलं काढतात. चला, चहा प्या."

त्या गेल्या. नंतर दिवाळीला जागृती एकटी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. गळा उघडा. दुसऱ्या सोनाराकडून पावलं करून घेता आली असती, तिने घेतली नव्हती.

"बा, मी पावलं मागायला नाही आले," ती म्हणाली. "तुम्ही द्याल तेव्हाच घालीन."

"ती परत आली तर?" मी मुद्दाम विचारलं. दुखवायलाच.

ती म्हणाली, "ती आली की मी उठेन, बा. तोवर बसू द्या."

मी तिला आत घेतलं. तेव्हापासून ती माझ्या घरी येते, माझ्या डोक्याला तेल लावते, मला बा म्हणते. तिची मुलगी ध्रुवी मला नानी म्हणते. एवढ्या वर्षांत जागृतीचा गळा मंगळसूत्राखाली उघडाच आहे. सासरी टोमणे खाल्ले. ध्रुवीला टायफॉइड झाला तेव्हा सासू म्हणाली, पहिली रुसली आहे, तिला जागा दिली नाहीत. जागृतीने मला हे सांगितलं नाही. हरेशने सांगितलं.

कलम ८. मेघजींची अवजारं

ऐरण, दोन हातोड्या, फुंकणी, चिमटे, कानशी आणि मुशी, सगळं वेलजीला. वेलजी मेघजींच्या हाताखाली शिकला आणि आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. मेघजी गेले त्याला सात वर्षं झाली, पण त्यांची पेटी मी उघडली नव्हती. या पावसाळ्यात पेटीला तळाशी गंज चढला म्हणून वेलजीला बोलावलं. तो एकेक काढून तेलात पुसत होता. तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक पोलादी ठसा निघाला, अंगठ्याच्या नखाएवढा.

वेलजीने तो उजेडात धरला आणि पटकन फडक्यात घातला. "काकी, काही नाही. जुना ठसा आहे."

"आण इकडे."

"काकी, राहू द्या ना."

मी हिसकावून घेतला. माझ्या डोळ्यांना बारीक दिसत नाही. परातीत पोळ्यांसाठी मळलेली कणीक होती. तिचा गोळा घेऊन त्यावर ठसा दाबला आणि खिडकीशी नेला.

दोन पावलं उमटली होती. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

त्या दिवशी अंजारला, त्या जवानापुढे, बापाला ती करंगळी आठवली नाही. मलाही इथे बसून आठवली नाही. ढिगाऱ्याखालून काढलेल्यांचे पाय तरी बघता आले असते. त्यांना नंतर कधीतरी आठवली असणार. मग ती त्यांनी पोलादात कोरली आणि मला कळू न देता पेटीच्या तळाशी ठेवली. मी 'ती चालते आहे' म्हणत राहिले आणि ते 'हो' म्हणत राहिले. एवढी वर्षं तो माणूस माझ्यासाठी 'हो' म्हणत राहिला.

मी कणकेवरच्या त्या पायाला हात लावला. माझीच मुलगी. मी ओळखलं. वेलजी पेटीशी बसून रडत होता आणि म्हणत होता, "काकी, मला काकांनी शपथ घातली होती." मी खूप मोठ्याने रडले. रुकैयाबेन भिंतीपलीकडून पळत आली. तिला वाटलं, पुन्हा जमीन हलली.

कलम ९. पांचियोची व्यवस्था

हे कलम उषाबेननी नीट, कायद्याच्या भाषेत लिहावं. बदलू नये.

पांचियो मी जागृती हरेश सोनी हिला देते. देण्याआधी वेलजीने मेघजींचा तो ठसा पांचियोवर, जुन्या कडीच्या डागाखाली, मारावा. एकदाच मारावा, पण चांगला खोल. मग वर नवी जाड कडी झाळावी, जी निदान दोन पिढ्या झिजणार नाही. हे मी जिवंत असताना करणं माझ्याच्याने होणार नाही. ऐरणीवर ठसा पडण्याचा आवाज मला ऐकवणार नाही. म्हणून माझ्या तेराव्याला करावं, आणि त्याच दिवशी जागृतीच्या गळ्यात घालावा.

धीरज म्हणेल, बा, ठसा साध्या चांदीच्या पत्र्यावर मार, पांचियो वेगळा ठेव, दोन्ही साधेल. बेटा, मीही विचार केला. वेगळा ठेवला तर तो पुन्हा कुणाच्या तरी बाकावर कडीविना पडून राहील, आणि कुणीतरी म्हणेल, थांबा, तसाच राहू द्या. तो लाखांचा आहे तोवर तो कुणाच्या गळ्यात राहणार नाही, कपाटात राहील. ठसा आणि कडी बसली की संग्रहवाल्यांच्या लेखी त्यात फक्त चांदी उरेल. मग तो सुखाने घालता येईल. तरुने तो असाच घातला होता.

जागृतीनंतर ध्रुवीने तो ठेवावा किंवा घालावा, तिची मर्जी. तिने विचारलं की हे पाय कुणाचे, तर तिला सांगावं, तुझ्या आईला घरात बसायला जागा देऊन जी उठून गेली, तिचे.

मी इतकी वर्षं वाट पाहिली. पण मी गेल्यावर दाराकडे बघणारं कुणी राहणार नाही. मग माझी मुलगी नुसती हरवलेली राहील. म्हणून मी निघण्याआधी तिला पोहोचवून जाते.

कलम १०. साक्षीदार

उषाबेन म्हणाल्या की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हे ऐकताच मी किरीटला बोलावणं पाठवलं. त्याला वाटलं नाण्याचं काही ठरलं. ठरलं होतंच. कलम ९ उषाबेननी त्याला वाचून दाखवलं. 'चांगला खोल' इथे त्याने डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "बोल. कातडी सोलते आहे ना मी?"

तो म्हणाला, "काकी, असे मी आयुष्यात तीन पाहिले. एक माझ्याकडे आहे, काचेच्या पेटीत."

"मग तुझा आणखी मोलाचा होईल. यातला एक कमी झाला."

"नको मला ते मोल," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. "त्या दिवशी मी आलोच नसतो दुकानात तर..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. सही कर म्हटलं. रडता रडता केली, म्हणून सही वाकडी आहे, पण त्याचीच आहे. तेराव्याला ठसा मारताना त्याने तिथे हजर राहावं ही माझी इच्छा आहे. नाण्याला उच्छ्वास लागला तरी चालेल.

आणि घरात जे कुणी असेल त्याने त्या दिवशी त्याला चहा बशीसकट द्यावा.

कलम ११. शेवटचं

माझ्या अस्थी भरतीच्या पाण्यात सोडाव्यात, मांडवीला. तरुला समुद्र आवडायचा.

हे मृत्युपत्र उषाबेननी अमलात आणावं. वर जे लिहिलं ते वाचून दाखवलं, मी डाव्या कानाने ऐकलं, मान्य आहे. फक्त एक दुरुस्ती. कलम १ मध्ये जिथे माझ्या मुलीचं नाव आहे, तिथे उषाबेननी आता नावाआधी लिहून घ्यावं. मी समोर बसले आहे. लिहा.

कै. तरुलता.

लिहून देणार: साकरबेन मेघजी सोनी (अंगठ्याने नव्हे, स्वतःच्या हाताच्या सहीने)

साक्षीदार:
१. किरीट वल्लभदास ठक्कर, नाण्यांचे व्यापारी, भुज
२. रुकैयाबेन अब्दुल खत्री, शेजारी, भुज. हिला कलम २ मधला हिंचका हवा आहे, पण सही केल्याने तो मिळणार नाही हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "हिंचका काय करायचा, शेजारी तूच नसशील तर." म्हणून हिंचक्याची तेवढी ओळ रद्द समजावी. धीरजने तो तिच्या ओट्यावर स्वतः नेऊन टांगावा.

स्थळ: भुज, कच्छ
कार्तिक पौर्णिमा, संवत २०७६
दिनांक १२ नोव्हेंबर २०१९